चौथा स्क्रू

सांगली, सोमवार, २४ सप्टेंबर १९७९

आज दोन गोष्टी एकाच टपालानं आल्या. एक पार्सल आणि एक पत्र. पार्सल तात्यांच्या नावे आणि पत्र माझ्या नावे, एवढंच काय ते बरं झालं.

पार्सलात लाकडाचा भुसा, भुशात पुठ्ठ्याचा डबा आणि डब्यात काळ्या फेसात पाय रुतवून बसलेल्या चाळीस आयसी, पुण्याच्या मेजर लालासाहेबांनी तपासून घ्यायला पाठवलेल्या. तात्या नारळ फोडायला निघाले होते. त्यांना म्हटलं, या परदेशी आहेत, नारळाचं पाणी यांना सोसायचं नाही. तात्या हिरमुसले, पण नारळ ठेवून दिला.

पत्र बंगलोरचं. तिथल्या मोठ्या टेलिफोन कारखान्यात माझी निवड झाली आहे. सतरा डिसेंबरला हजर व्हायचं. दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. डायरी लिहायची सवय मला नाही, पण हे कुणाशी बोलायची सोय नसल्यामुळे लिहितो आहे.

सोय का नाही? तर मी हुंड्यात दिलेला माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी सुहासिनीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं तेव्हा तात्या, म्हणजे तिचे होणारे सासरे, साताऱ्याला आमच्या घरी येऊन म्हणाले, हुंडा नको, मानपान नको, फक्त तुमचा चिंतामण आमच्या कारखान्याला द्या. आईनं देवापुढे साखर ठेवली. सगळी आळी म्हणाली, देवमाणूस. आवळा देऊन कोहळा काढलाय हे माझ्या ध्यानात यायला सहा महिने गेले. गेल्या वर्षी मी पुण्याला मुलाखतीला नुसता जाऊन आलो, तर सुहासच्या सासूबाई महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र त्या वाढताना तूप जास्तच वाढत होत्या. या घरात कुणी वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

मापनाचा डबा तयार झाला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर सॉकेट बसवलं, जोडणी आतून केली. डब्याचा तळ अजून उघडाच आहे. विजेच्या तारांचा घूं घूं आवाज मापात घुसू नये म्हणून सगळं ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालवायचं. त्या दर गुरुवारी मिरजेला नेऊन चार्ज करून आणायच्या. तेवढाच एक दिवस हवापालट.

सुहास चहा घेऊन आली आणि तिथंच टेकली. कारखाना घराच्या मागच्या अंगणातच असल्यामुळे ती अशी येते. सासरी तिचं नाव प्रमोदिनी ठेवलंय, सगळे तेच म्हणतात. मी सुहासच म्हणतो. तिला सांगितलं, ही आयसी म्हणजे कोडेक. टेलिफोनवर माणूस बोलला की ही त्याच्या आवाजाचे आकडे करते, आकडे तारेतून जातात आणि पलीकडची तसलीच आयसी आकड्यांचा पुन्हा आवाज करते. मी एका टोकाला शुद्ध सूर सोडतो आणि दुसऱ्या टोकाला किती सूर आला, किती कचरा आला ते मोजतो. शिवाय एक मोठं माप आहे, काहीच सोडायचं नाही आणि ही गप्प बसते का ते पाहायचं. खरखर उणे पासष्ट डेसिबलच्या खाली पाहिजे. जितकी खाली तितकी आयसी गुणी.

ती म्हणाली, "म्हणजे गप्प असताना ती किती बोलते हे मोजतोस? असलं मीटर आमच्या माजघरात लाव एक दिवस."

पहिल्याच आयसीनं उणे बहात्तर दाखवलं. मी टाळी वाजवली. इतकी स्वच्छ शांतता मी आजवर मोजली नव्हती. आमचा कारखाना आजपर्यंत तमाशाच्या फडाचे आणि लग्नांचे कर्णे वाजवणारे ॲम्प्लिफायर करत आला. त्यांच्यात शांततेचा संबंधच नाही.

रविवार, ३० सप्टेंबर, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. कारखान्यात पक्कड, पान्हा, कात्री, तारा गुंडाळायचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू. धुळा, आमचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर, कवठे महांकाळचा, त्यानं स्वतःच्या अंगठ्यालाही कुंकू लावून घेतलं. म्हणाला, खरं हत्यार ह्योच हाय. सुहासनं माझ्या मीटरना, ऑसिलेटरला आणि त्या डब्यालाही हळदकुंकू वाहिलं, पळीनं पाणी शिंपडलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी तोंड वाकडं केलं. तात्या म्हणाले, "चिंतामणराव, तुमची विद्या आत आणि आमची श्रद्धा बाहेर. एकमेकांच्या आड येत नाहीत." तात्या मला नेहमी राव लावतात. दोरी मखमली असली की गाठ टोचत नाही.

बुधवार, ३ ऑक्टोबर

येतात! आड येतात!

काल चार आयसी मोजल्या, चारही नापास. उणे साठसुद्धा नाही. आज अर्धा दिवस डोकं फोडल्यावर सॉकेटच्या पायांमध्ये हळदीचं बोट दिसलं. स्पिरिटनं धुऊन काढलं आणि पुन्हा उणे बहात्तर. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सुहासला बोलावून चांगलं सुनावलं. सांगितलं, या पायांवर इतका बारीक प्रवाह असतो की हळदीच्या बोटातूनही तो पलीकडच्या पायावर झिरपतो. हळद दमट झाली की संपलंच. एवढ्याशानं, असं तिनं विचारलं. एवढ्याशानं, मी म्हटलं. वरून लावली तर दिसते तरी, आतून लागली असती तर जन्मात कळलं नसतं. ती मुकाट्यानं ऐकत होती. इंटर सायन्सला हिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पण ते पाठांतराचे. पुढे लग्नच झालं.

मग मी डब्याला पत्र्याचा तळ बसवला आणि चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू आवळले. आता ब्रह्मदेव आला तरी आत बोट घालू शकणार नाही. सुहासनं आपणहून सांगितलं की यापुढे ती उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करील. समजूतदार आहे.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

बंगलोरचं आज जेवताना सांगून टाकलं. मनात ठेवून कंटाळलो म्हणून सांगितलं, धाडस म्हणून नाही. सगळी पंगत थांबली. श्रीनिवासराव, म्हणजे सुहासचे यजमान, ताटातली चटणी बोटानं सारखी करत बसले. सासूबाईंनी सुहासकडे पाहिलं.

तात्या मात्र शांत होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे बघा. लालासाहेबांना दहा डिसेंबरला अहवाल द्यायचाय. माल उतरला तर पुढची दहा वर्षं त्यांचं काम इथं आणि तुम्हीही इथं. तेव्हा मी तुम्हाला सोडणार नाही. माल नाही उतरला तर ती खोली बंद करून पुन्हा कर्णे. मग तुम्हाला अडकवून काय लोणचं घालू? खुशाल जा. मग आमच्या घरात प्रमोदिनीला कुणी ब्र काढून बोलणार नाही, हा माझा शब्द."

शेवटचं वाक्य त्यांनी सासूबाईंकडे बघून म्हटलं. सुहास आमटी वाढायला माझ्यासमोर वाकली होती. पळी तशीच धरून राहिली आणि आमटी वाटीबाहेर सांडली.

म्हणजे माल नासका निघाला तर मी सुटलो आणि चांगला निघाला तर अडकलो. आणि नासका की चांगला हे ठरवणार मीच. असलं त्रांगडं शत्रूच्या वाट्यालाही येऊ नये.

सातारा, सोमवार, २२ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवाळीला आम्ही दोघं घरी आलो. आई म्हणते, बंगलोर कुठं पळून जातंय, तिथं नोकऱ्या पडलेल्याच असतात, पण बहिणीच्या संसारात विष कालवू नकोस. आईचं चुकत नाही. चुकत कुणाचंच नाही.

संध्याकाळी सुहासनं ओवाळलं. तबकात साडी ठेवली तर तिनं ती बाजूला सारली. म्हणाली, "दादा, मला साडी नको. ओवाळणीत एवढंच घाल, तू बंगलोरला जा." मी हसलो. म्हटलं, ते तुझ्या सासऱ्यांच्या आयसींना विचार. ती हसली नाही. निरांजन हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच बसली.

रात्री तिनं लोकर काढली, राखी रंगाची, जाड. पाठीला टेप लावून माझं माप घेतलं. स्वेटर विणणार आहे म्हणे. सांगलीत असल्या जाड लोकरीची थंडी कधी पडली, देव जाणे.

सांगली, शुक्रवार, ९ नोव्हेंबर

खरखर परत आली.

दिवाळीआधी चाळीसही आयसी मोजून झाल्या होत्या, सगळ्या गुणी. मेजर लालासाहेबांचा नियम असा की प्रत्येक आयसी तीनदा मोजायची, ऑक्टोबरपासून दर महिन्याला एकदा, आणि तिन्ही मापं जुळली तरच पास. लष्करी माणूस, सिग्नल्समधून निवृत्त झालेला, एका मोजणीवर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या फेरीला आज सुरुवात केली आणि पहिलीच उणे एकसष्ट. दुसरी उणे एकोणसाठ. सॉकेट पाहिलं, स्वच्छ. भिंगातून पाहिलं, स्वच्छ. तरी स्पिरिटनं पुसलं. फरक नाही.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

वायरी बदलल्या. बॅटऱ्या बदलल्या. मीटर एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे नेऊन ताडून घेतलं, त्यात दोष नाही. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, त्या मोटारींचा परिणाम असावा असं वाटलं, पण रविवारीही तेच. समोरच्या अडत्याच्या वखारीत हळदीची पोती उघडली की आख्ख्या गल्लीला पिवळा धुरळा बसतो. खिडक्यांना कागद चिकटवले. आता खोलीत श्वास घेता येत नाही आणि खरखर आहे तशीच आहे.

धुळाचं निदान वेगळंच आहे. म्हणाला, "सायेब, रागावू नगा, पर ह्या डब्याला लय दिष्ट लागलीया. परदेशी वस्तू, कुनाचीबी नजर पडती. लिंबू-मिरची बांधू का?" मी म्हटलं, बांध. इतकी पाळी आली आहे.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मी बॅटऱ्या घेऊन मिरजेला होतो. घरी घट मांडला होता. सुहासचा उपास. मी नसताना तिनं खोली झाडून पुसून लख्ख करून ठेवली. किल्ली मीच देऊन गेलो होतो, दर गुरुवारी देतो तशी. उंबऱ्यावर बाहेरच रांगोळी आणि हळदकुंकू, आत एक कणही नाही. शब्दाला जागते पोरगी.

खरखर आज उणे पंचावन्न. सगळ्यांत वाईट.

तात्या येऊन मागे उभे राहिले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, पहिल्या फेरीचे आकडे तर चांगले होते ना, मग तेच पुन्हा लिहिले तर कुणाचं काय जाणार. मी म्हटलं, तात्या, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तात्यांनी हात काढला नाही. म्हणाले, बरं, बरं, तुम्ही म्हणाल तसं. मला एकदम लाज वाटली, कशाची ते कळलं नाही.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

आज खरं लिहितो. दुसरी फेरी संपली. चाळीसच्या चाळीस नापास. शेवटचा आकडा लिहिला आणि मनातल्या मनात हसलो. बंगलोर! मी स्वतःलाच चोरून पाहावं तसं इकडे तिकडे पाहिलं.

सुहासला सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि हात जोडले. मग लगेच म्हणाली, पेटी कुठली नेणार, आपली साताऱ्याची की नवी घेऊ या? मी म्हटलं, अगं अजून अहवाल जायचाय, तिसरी फेरी आहे. ती म्हणाली, तिसरीत काय वेगळं होणार आहे? बोलताना तिच्या सुया भराभरा चालत होत्या. स्वेटरची पाठ झाली, आता बाह्या.

पण एक गोष्ट छळते आहे. पहिल्या फेरीत या गुणी होत्या. चाळीस माणसं एका महिन्यात एकदम वेडी होत नाहीत. मग आयसी कशा होतील?

शुक्रवार, ७ डिसेंबर

निवडणुकीच्या जीपगाड्या दिवसभर कर्णे लावून फिरतात. त्यांतले निम्मे कर्णे आमच्याच ॲम्प्लिफायरवर. स्वतःच्या पापाचा आवाज ऐकत तिसरी फेरी चालली आहे.

आज एक ध्यानात आलं. सकाळी नदीवरून धुकं येतं तेव्हा खरखर उणे चौपन्न असते. दुपारी ऊन तापलं की उणे त्रेसष्ट. आठवडाभराचे आकडे मांडून पाहिले, रोज तेच. आयसीला धुक्याचं काय? तिचं तोंड बंद आहे. धुकं लागतं ते दमट होणाऱ्या वस्तूला. म्हणजे दोष आयसीत नाही, डब्यात आहे.

जाऊ दे असं म्हणता येईल. दहा तारीख तीन दिवसांवर आहे. नापास असं लिहायचं, पेटी भरायची. कुणाला कळणार नाही, आणि आकडे तर खरेच असतील. तात्यांना खोटं लिहिणार नाही म्हणून तोऱ्यात सांगितलं, आणि आता असलं खरं लिहायला निघालो आहे. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

शनिवार, ८ डिसेंबर

उघडला.

सकाळी चहासुद्धा न घेता खोलीत गेलो आणि डबा उलटा केला. तीन पितळी स्क्रू सहज निघाले. चौथा पितळी नव्हताच. काळा, पोलादी, बारीक डोक्याचा, आटे न जुळता जबरदस्तीनं बसवलेला. धुळाला हाक मारली. म्हटलं, माझ्या डब्याला कसलं भंगार लावलंस? धुळा म्हणाला, "आईच्यान सायेब, मी ह्याला शिवलोबी न्हाई. लिंबूबी दारालाच बांधलंय." खोटं बोलावं तर माणसानं असं तोंडावर बोलावं. तो काळा स्क्रू काडेपेटीत टाकून ठेवला.

तळ काढला. सॉकेटच्या पायांच्या मुळाशी, खालच्या बाजूला, दोन ओळींच्या मधून हळदीची रेघ. सुईनं भरल्यासारखी नेमकी. हळदीचा वाससुद्धा आला, काल दळल्यासारखा.

खाली बसलो आणि विचार केला, ही आत गेली कशी. मग उलगडा झाला. हळद स्पिरिटमध्ये विरघळते. खंडेनवमीची हळद मी वरून स्पिरिटनं धुतली, तीच झिरपून खाली गेली आणि पायांच्या मुळाशी थिजली. ऑक्टोबर कोरडा होता म्हणून गप्प राहिली, नोव्हेंबरात धुकं पडलं आणि बोलायला लागली. म्हणजे माझंच स्पिरिट, माझाच शहाणपणा. आपलेच दात, आपलेच ओठ.

ब्रशानं घासून धुतलं, उन्हात वाळवलं, तीन स्क्रूंवर डबा बंद केला. पहिलीच आयसी, उणे बहात्तर. दुसरी, उणे एकाहत्तर. मी ओरडलो. आनंदानं ओरडलो, हे लिहून ठेवतो, कारण त्या क्षणी बंगलोर माझ्या डोक्यातही नव्हतं. मीटरचा काटा शांत खाली बसला होता आणि का बसला ते मला कळलं होतं, एवढंच होतं. बंगलोर दुपारी आठवलं, सातवी आयसी लावताना. मग आठवी लावली.

सोमवार, १० डिसेंबर

लालासाहेब पुण्याहून जीपनं आले. सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या, वाणी साताऱ्याकडची. दुसरी फेरी का बिघडली, डब्यात काय सापडलं, सगळं अहवालात लिहिलं होतं, काही झाकलं नाही. कालपर्यंत बसून सगळ्या आयसी पुन्हा मोजल्या, तेही लिहिलं. त्यांनी पान न पान वाचलं. स्वतः दहा आयसी काढून माझ्यासमोर मोजायला लावल्या. मग उभे राहिले आणि माझा हात दाबला.

"गड्या, आपली चूक आपन होऊन लिवनारा माणूस मी फौजेतबी लय थोडा पाह्यला," ते म्हणाले. "तात्या, काम तुमचं. पर ह्यो माणूस हितनं हलता कामा न्हाई. करारातच लिवा तसं."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठी मारली. साठी उलटलेला माणूस लहान मुलासारखा रडत होता, आणि त्याच्या खांद्यावरून मला खिडक्यांना चिकटवलेले कागद दिसत होते. करारावर माझं नाव टाइप करायला श्रीनिवासराव लगेच गेले. आज पहिल्यांदाच सासूबाईंनी सुहासला आधी जेवायला बसवलं. ती जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

मंगळवार, ११ डिसेंबर

सुहास कालपासून गप्प आहे. तिला वाटत असावं की हळदीमुळे मी रागावलोय, म्हणून दुपारी मुद्दाम समजूत घातली. सांगितलं, तुझी काही चूक नाही, माझ्याच स्पिरिटनं हळद आत गेली, तात्यांनाही तसंच सांगितलंय.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या स्पिरिटनं?"

"हो."

"आणि आता सगळ्या पास?"

"सगळ्या."

ती उंबऱ्यावर बसली. आत नाही, बाहेरही नाही. मग म्हणाली, "तू तो डबा उघडलासच का रे दादा?"

काय प्रश्न आहे! मापात खोट दिसली तर माणूस उघडणार नाही तर काय करील, असं म्हटलं. ती रडायला लागली. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. उपासानं अशक्तपणा आलाय बहुतेक. परवा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे, तो सोड म्हणून सांगितलं. ती म्हणाली, हो, आता काय करायचाय.

बंगलोरला नकाराची तार केली.

सोमवार, १७ डिसेंबर

आज मी बंगलोरला असतो.

सकाळी सुहासचं शिलाई मशीन खडखडतंय म्हणून धुळाला माजघरात बोलावलं होतं. मी नाश्ता करत तिथंच बसलो होतो. धुळानं मशीन आडवं केलं आणि म्हणाला, "वैनी, सुईखालच्या पट्टीचा एक स्क्रू गायब हाय की. कवापासनं?" सुहास स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं नाही. धुळानं खिसे चाचपले. मग त्याला आठवलं आणि तो कारखान्यातून माझी काडेपेटी घेऊन आला. काळा स्क्रू काढून मशीनला लावला. दोन फेऱ्यांत तो गुमान आत जाऊन बसला. शेजारच्या स्क्रूचाच भाऊ.

"बगा सायेब, ह्येचाच व्हता. तुमच्या डब्याला ह्यो गेला कसा?" धुळा म्हणाला.

मी मशीनचा खण उघडला. बॉबिनी, खडू, मशीनचा छोटा पेचकस, त्याच्या टोकाला पिवळा डाग. आणि तळाशी माझा पितळी स्क्रू.

धुळाला म्हटलं, जा, काम कर. तो गेला. सुहास हात पुसत बाहेर आली आणि माझ्या तळहातावर काय आहे ते तिनं पाहिलं. पळाली नाही, नाकारलं नाही.

"हातातून निसटून गडगडत गेला, तेव्हा सापडेना," ती म्हणाली. "तुझी मिरजेहून यायची वेळ झाली होती. म्हणून माझ्या मशीनचा लावला. केर काढताना मागाहून मिळाला हा."

दर गुरुवारी हिला किल्ली कोण देत होतं? एवढ्याशानं बिघडतं, आतून लागली तर जन्मात कळणार नाही, हे हिला कोणी शिकवलं होतं? हिच्या ओवाळणीत घालायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून हिनं स्वतःच्या हातानं वाट केली होती, आणि मी ब्रशानं घासून ती धुऊन काढली. वर तिचीच समजूत घातली. मी रडलो. नाश्त्याच्या ताटासमोर बसून रडलो आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तात्यांना कधी कळू द्यायचं नाही एवढंच आम्ही बोललो.

मग ती आत गेली आणि स्वेटर घेऊन आली. राखी, जाड, दोन्ही बाह्या झालेल्या. म्हणाली, बंगलोरला थंडी असते असं तूच म्हणाला होतास. आता इथं काय उपयोग, पण आहे तर घे.

मी मागच्या खोलीत आलो. पितळी स्क्रू डब्याच्या चौथ्या कोपऱ्याला लावला आणि चारही घट्ट केले. तात्यांनी नवी पाटी करून आणली होती, "कोडेक विभाग, प्रमुख" आणि खाली माझं नाव. ती त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दारावर ठोकली. मी स्टूल धरून उभा होतो.

दिवसभर तो स्वेटर अंगात होता. दुपारी छपराचा पत्रा तापला, मानेवरून घाम ओघळत होता. धुळा दोनदा डोकावून गेला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "सायेब, थंडी वाजतीया व्हय?"

मी म्हटलं, हो.